शिंपल्यातून आलेले विस्मरण

इसवी सन १९८७ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस कॅनडाच्या पूर्व भागातील रुग्णालयांत असे रुग्ण येऊ लागले, की ज्यांना प्रथम वांत्या, पोटशूळ आणि अतिसार यांनी ग्रासले होते, परंतु एकदोन दिवसांतच ज्यांच्यापैकी कित्येकांना आपण कोठे आहोत आणि कालचा दिवस कसा गेला, हेही सांगता येईनासे झाले. चौकशीअंती या सर्वांच्या जेवणात एकच पदार्थ समान आढळला : प्रिन्स एडवर्ड बेटावर दोरांवर वाढविलेले शिंपले, म्हणजे गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात त्यांचे निळसर-काळ्या कवचाचे जातभाई.

शिंपल्यांत जंतू नव्हते आणि ते शिळेही नव्हते. त्यांचा अर्क रिवाजाप्रमाणे उंदरांना टोचला, तेव्हा श्वास कोंडून मरण्याची जी लक्षणे जुन्या परिचित विषाने दिसतात त्यांऐवजी ते मागच्या पायांनी आपले खांदे सारखे खाजवू लागले, आणि या एका चमत्कारिक खुणेवरून हे विष निराळे असले पाहिजे, असे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले. हॅलिफॅक्स येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेने अहोरात्र खपून पाच दिवसांच्या आत त्याची ओळख पटविली. ते डोमोइक आम्ल होते. जपानच्या दक्षिणेकडील बेटांवर ‘दोमोई’ नावाचे एक तांबडे समुद्रशैवाल पोटातील जंत पाडण्यासाठी पूर्वापार दिले जाई, त्यावरून या द्रव्याला हे नाव पडलेले आहे. जे अल्प मात्रेत औषध म्हणून चालत आले होते, तेच येथे प्राणांवर बेतले होते. कॅनडात मात्र ते त्या शैवालातून आले नव्हते. कार्डिगन नदीच्या मुखाशी स्यूडोनिट्शिया नामक एकपेशी डायटमची, म्हणजे मराठी परिभाषेतील करंडक वनस्पतीची, त्या ऋतूत बेसुमार वाढ झाली होती आणि शिंपल्यांच्या पचनग्रंथी तिनेच भरलेल्या आढळल्या. तोवर डायटम हे समुद्राचे निरुपद्रवी धान्य मानले जात असे.

शिंपल्यांचा यात काहीच अपराध नाही. दोन शिंपांमधून पाणी आत ओढायचे, त्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून घ्यायच्या आणि पाणी परत सोडायचे, एवढाच त्यांचा उद्योग. तासाला काही लिटर पाणी गाळणाऱ्या या प्राण्याच्या देहात जे विष साठत जाते, त्याने त्याला स्वतःला बहुधा इजा होत नाही. या विषाला वास नाही, चव नाही, रंग नाही, आणि शिजविल्याने ते नष्टही होत नाही. एकशिपी करताना तिसऱ्यांतली उघडलेली, मेलेली तिसरी अचूक वेगळी काढणाऱ्या आपल्या कोकणातील गृहिणीची नजर मोठी तरबेज असते. पण या विषापुढे तीही निरुपाय ठरते, आणि कोकमाची आंबटी किंवा चुलीची आच याही त्याचे काही वाकडे करू शकत नाहीत.

त्या साथीत निश्चित निकषांत बसणाऱ्या १०७ रुग्णांची नोंद झाली आणि तीन जण दगावले. वृद्धांना झळ अधिक लागली. परंतु मला सर्वांत विदारक वाटते ती जे वाचले त्यांच्यापैकी काहींची अवस्था : बोलणे शाबूत, विचारशक्ती शाबूत, मात्र नव्याने घडलेली गोष्ट मनात टिकवून धरण्याची शक्ती हरपलेली. मेंदूतील पेशी ग्लूटामेट या द्रव्याच्या योगे एकमेकींना निरोप देत असतात. डोमोइक आम्लाची घडण त्याच्याशी इतकी मिळतीजुळती असते, की ते त्याची जागा घेऊन पेशींना अविरत उत्तेजित करते आणि अखेर त्यांचा नाश करते. मृतांच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हा स्मरणाचे केंद्र असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात प्रामुख्याने हानी आढळली. एका जेवणापायी माणसाने आपला उद्याचा भूतकाळ गमवावा, ही शिक्षा मरणाहून फार हलकी आहे असे मला म्हणवत नाही.

उंदरांचा श्वास कोंडविणारे ते जुने विष म्हणजे सॅक्सिटॉक्सिन. १७९३ च्या जूनमध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हर यांच्या सफरीतील काही खलाशांनी आजच्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर शिंपले खाल्ले आणि त्यांतील जॉन कार्टर हा काही तासांतच मृत्यू पावला. त्याच्या नावाचा उपसागर व ‘पॉयझन कोव्ह’ ही खाडी आजही नकाशावर आहेत. या विषाने प्रथम ओठ व बोटे यांना मुंग्या येतात, मग हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वसनाचे स्नायू थांबतात. त्यावर उतारा नाही. परंतु कृत्रिम श्वसनाने रुग्णाला वेळेवर आधार दिला, तर विष शरीराबाहेर पडेपर्यंत तो तग धरतो. ही विपत्ती आपल्या देशालाही परकी नाही : १९८१ मध्ये तमिळनाडूत तिसऱ्यांच्याच कुळातील शिंपले खाऊन तीन, आणि १९९७ मध्ये केरळातील विळिंजम येथे सात माणसे मृत्युमुखी पडली.

कॅनडाने १९८७ नंतर शिंपल्यांच्या मांसात किलोमागे २० मिलिग्रॅम डोमोइक आम्ल ही मर्यादा घातली. नमुने नियमित तपासले जातात आणि मर्यादा ओलांडली, की त्या पाण्यातून शिंपले काढण्यास मनाईचा हुकूम निघतो. जिथे गृहिणीचे डोळे आणि नाक हतबल ठरतात, तिथे रक्षणाची जबाबदारी सरकारचीच आहे, आणि आपल्या खाड्यांतून तिसऱ्या, कालवे वेचून बाजारात आणणाऱ्या बायकांच्या उपजीविकेसाठीही ती सरकारने हयगय न करता पार पाडली पाहिजे. वाचकांना एवढीच विनंती, की अशी मनाई जाहीर झाली असता ती मोडू नये. आणि शिंपले खाल्ल्यावर ओठांना मुंग्या आल्या, अंग लुळे पडू लागले किंवा घरातले माणूस असंबद्ध बोलू लागले, तर घरगुती इलाजात वेळ न दवडता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि त्याने काय खाल्ले, हे डॉक्टरांना सर्वांआधी सांगावे.