इच्छापत्र, वैद्यकीय

विचारशक्ती शाबूत असताना प्रौढ व्यक्तीने, पुढे ती हरपल्यास आपल्यावर कोणते उपचार करावेत व कोणते करू नयेत, यांविषयी लिहून ठेवलेला निर्देश. यास ‘पूर्वनिर्देश’ किंवा इंग्रजीवरून ‘लिव्हिंग विल’ असेही म्हणतात. मालमत्तेचे मृत्युपत्र कर्त्याच्या मृत्यूनंतर अंमलात येते; वैद्यकीय इच्छापत्र मात्र कर्ता जिवंत, परंतु आपले म्हणणे सांगण्यास असमर्थ असतानाच अंमलात यावयाचे असते. म्हणून दोन्ही एकाच कागदावर लिहिणे सोयीचे नाही. मृत्युपत्र उघडले जाते तोवर वैद्यकीय निर्देशाचे प्रयोजन संपलेले असते.

शुद्धीवर असलेल्या निर्णयक्षम रुग्णास उपचार नाकारता येतात. विनोबा भावे यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे अन्न व औषध दोन्ही नाकारले, तेव्हा त्यांची इच्छा काय, याविषयी संदेह नव्हता; ती ते स्वतःच सांगत होते. खरी अडचण बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत येते. १९५२ मध्ये कोपनहेगन येथील पोलिओच्या साथीनंतर अतिदक्षता विभागांची वाढ झाली. श्वसनयंत्र (व्हेंटिलेटर), अपोहन (डायलिसिस) व नळीवाटे पोषण या साधनांनी असंख्य रोगी वाचले. तसेच बरे होण्याची आशा नसलेल्या देहाचे व्यापारही दीर्घकाळ चालू ठेवणे शक्य झाले. अशा वेळी निर्णय कोणाचा, या प्रश्नातून ही कल्पना जन्मास आली.

शिकागो येथील विधिज्ञ लुइस कुटनर यांनी १९६९ मध्ये एका विधिविषयक नियतकालिकात ती सविस्तर मांडली. तिला चालना मिळाली ती कॅरन क्विन्लन या तरुणीच्या प्रकरणाने. १९७५ मध्ये एकविसाव्या वर्षी तिची शुद्ध हरपली. श्वसनयंत्र काढावे, ही तिच्या पित्याची विनंती न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये मान्य केली. यंत्र काढल्यावरही ती स्वतः श्वास घेत राहिली व १९८५ मध्ये मरण पावली. उपचार थांबविणे आणि मृत्यू घडविणे या भिन्न गोष्टी आहेत, हे या घटनेइतके क्वचितच कशाने स्पष्ट झाले असेल. त्याच वर्षी, १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियाने अशा निर्देशांना मान्यता देणारा कायदा केला. इंग्लंडमध्ये अँटनी ब्लँड प्रकरणी (१९९३) हाउस ऑफ लॉर्ड्‌सने नळीवाटे दिले जाणारे पोषण हाही वैद्यकीय उपचारच मानला. पुढे २००५ च्या मानसिक क्षमता अधिनियमाने पूर्वनिर्देशास वैधानिक आधार दिला.

भारतातील स्थिती : निर्देशाच्या अभावी काय घडते, याचे सर्वांत विदारक उदाहरण मुंबईचे आहे. के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी प्राणघातक हल्ला झाला व मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या पंगू झाल्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. सदतीस वर्षे ज्यांनी अरुणाताईंना भरविले, न्हाऊ घातले, त्या परिचारिकांनी व रुग्णालयाने त्यास विरोध केला. दोन्ही पक्ष त्यांच्या हिताच्या नावेच बोलत होते. त्यांचे स्वतःचे म्हणणे कोठेही नोंदलेले नव्हते. ७ मार्च २०११ च्या निर्णयात न्यायालयाने रुग्णालयाच्या सेवकवर्गालाच त्यांचे खरे निकटवर्ती मानून अर्ज फेटाळला. परंतु उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवनाधार उपचार थांबविता येतील, असे तत्त्व प्रथमच मान्य केले. अरुणा शानबाग १८ मे २०१५ रोजी निधन पावल्या.

पुढे ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला व वैद्यकीय इच्छापत्र वैध मानले. मात्र घालून दिलेली कार्यपद्धती इतकी अवघड होती, की दिलेला हक्क जवळजवळ कागदावरच राहिला. दस्तऐवजावर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हवी, रुग्णालयाच्या मंडळातील तज्ञांस वीस वर्षांचा अनुभव हवा, दुसरे मंडळ जिल्हाधिकाऱ्याने नेमावे आणि शेवटी दंडाधिकाऱ्याने रुग्णास प्रत्यक्ष पाहावे, असा तो क्रम होता. मरणासन्न रुग्णाला एवढा अवधी नसतो.

२४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ही पद्धती सुलभ केली. आता इच्छापत्र दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित केले की पुरते. त्यात एक वा अधिक पालक किंवा निकटच्या नातेवाइकांची नावे द्यावयाची असतात. रोग असाध्य व उपचार दीर्घ ठरल्यास उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ञ यांचे प्राथमिक मंडळ, शक्यतो ४८ तासांत, मत देते. मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नियुक्त केलेला एक डॉक्टर व दोन तज्ञ यांचे दुय्यम मंडळ ते पडताळते. नंतर निर्णय व नातेवाइकांची संमती दंडाधिकाऱ्यास कळवून तो अंमलात आणतात. मंडळाने नकार दिल्यास उच्च न्यायालयात दाद मागता येते. इच्छापत्र नसलेल्या रुग्णांबाबतही निकटवर्तीयांच्या संमतीने हीच पद्धती लागू होते.

दस्तऐवज जतन करण्यासाठी स्थानिक संस्थेत अभिरक्षक असावा, अशी तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने उच्च न्यायालयातील याचिकेनंतर असे अभिरक्षक नेमले. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी ३१ मे २०२४ रोजी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून प्रारंभ करून दिला.

अंमलबजावणीचा भार प्रत्यक्षात उपचारपथकाच्या प्रमुखावर पडतो. मध्यरात्री हृदय थांबलेल्या रुग्णाजवळ असलेल्या निवासी डॉक्टरला इच्छापत्राची कल्पना नसेल, तर तो पुनरुज्जीवनाचे प्रयत्न करणारच. त्याला दोष देता येत नाही. म्हणून प्रमुखाने निर्णय रुग्णपत्रिकेवर स्पष्ट नोंदविणे व परिचारिकांसह सर्वांना सांगणे आवश्यक ठरते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुनरुज्जीवन न करण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०२० मध्ये प्रसिद्ध केली आहेत. उपचार थांबविणे म्हणजे रुग्णाला टाकून देणे नव्हे. वेदना व धाप यांवरील उपशामक उपचार अखेरपर्यंत चालूच ठेवावयाचे असतात. विषारी इंजेक्शन देऊन मृत्यू घडविणे भारतात गुन्हाच आहे व इच्छापत्राने त्यास मुभा मिळत नाही [⟶ दयामरण].

इच्छापत्राची भाषा हा त्याचा दुबळा भाग होय. ‘मला नळ्या लावू नका’ एवढेच लिहिले, तर बऱ्या होणाऱ्या न्यूमोनियात दोन दिवस श्वसनयंत्र लावावे की नाही, हे त्यावरून ठरत नाही. आणि संदिग्ध निर्देश मंडळे अंमलात आणू शकत नाहीत. म्हणून कोणत्या अवस्थेत कोणता उपचार नको, हे कुटुंबाच्या डॉक्टरशी बोलून लिहिणे व नेमलेल्या नातेवाइकास त्यामागील विचार समजावून सांगणे श्रेयस्कर. कर्त्यास इच्छापत्र केव्हाही लेखी रद्द करता येते. अनेक असल्यास शेवटचे ग्राह्य धरतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील पूर्वनिर्देश मात्र निराळा आहे : तो मनोविकारावरील उपचारांपुरता असून आणीबाणीच्या उपचारांना लागू होत नाही.