जखमांचा जमाखर्च

तरुणांचीं माथीं भडकतात, हाणामारी होते, पोलीस चौघांस धरून नेतात आणि गांव पुन्हा आपल्या उद्योगास लागतो. हा क्रम इतका अंगवळणीं पडला आहे कीं, दांडगाई हा वयाचाच दोष असून शिक्षा हाच त्यावरील एकमेव उपाय होय, असें पुष्कळ सुज्ञ गृहस्थही मानतात. हें मत किती अपुरें आहे, तें वेल्सची राजधानी कार्डिफ येथील उदाहरणावरून दिसून येईल. आणि रोज हिशेबाची वही उघडणाऱ्या व्यापारी वर्गास तर तें विशेषच पटेल.

तेथील जोनाथन शेफर्ड हे चेहरा व जबडा यांवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. मारामारींत फुटलेले चेहरे शिवतां शिवतां त्यांच्या ध्यानीं आलें कीं, इस्पितळांत येणाऱ्या पुष्कळ जखमींची पोलिसांच्या दप्तरीं नोंदच नसते. कोणी सूडाच्या भीतीनें गप्प बसे, कोणास मारणारा ओळखतां येत नसे, तर कोणास स्वतःच्याच वर्तनाची चौकशी नको असे. ज्या वहीवरून शहराचा बंदोबस्त ठरावयाचा, ती वहीच अपुरी!

यावर योजलेला उपाय अगदीं साधा होता. मार कोठें बसला, केव्हां व कशानें, एवढेंच इस्पितळाच्या कारकुनानें जखमीस विचारावें. आणि नांवगांव वगळून तो तपशील पोलीस व नगरसभा यांस द्यावा. त्यावरून धोक्याच्या जागा व वेळा कळल्या. तेथें रात्रीं पोलीस वाढले, दारूच्या गुत्त्यांत कांचेऐवजीं प्लास्टिकचे पेले आले, कांहीं रस्ते पादचाऱ्यांपुरते राखले गेले आणि रात्रीं उशिरां घरीं परतणाऱ्यांकरितां वाहनांची सोय वाढली.

याचें फळ काय? २०११ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें कार्डिफची तुलना तत्सम १४ शहरांशीं करण्यांत आली. मारहाणीमुळें इस्पितळांत दाखल होणाऱ्यांचें प्रमाण कार्डिफमध्यें दरमहा लाखामागें ७ वरून ५ वर उतरलें. इतर शहरांत तें ५ वरून ८ वर चढलें. किरकोळ मारहाणीच्या पोलीस-नोंदी मात्र वाढल्या. परंतु पूर्वीं झांकलें राहणारें उघडकीस येऊं लागलें, असाच त्याचा अर्थ लावणें सयुक्तिक होय.

रोग्याचें गुपित फुटेल, हा आक्षेप क्षुल्लक नाहीं. पण नांवच दिलें नाहीं, तर फुटणार काय? राहतां राहिला स्वभावदोषाचा मुद्दा. त्या वर्षांत कार्डिफच्या तरुणांचें रक्त कांहीं थंड झालें नव्हतें. बदलले ते पेले, रस्ते आणि पोलिसांच्या उभें राहण्याच्या जागा.

आपल्याकडेही मारहाणीचा जखमी आला कीं इस्पितळांतून पोलिसांस वर्दी जाते. ती नोंद एकेका खटल्यापुरती न ठेवतां तिची नांवांवांचून बेरीज करावी आणि ती दरमहा नगरपालिकेपुढें मांडावी. पेढीवर तोटा आला असतां आपण मुनिमास दंड करून स्वस्थ बसत नाहीं. तोटा कोठें आला, तें आधीं वहींत शोधतों. पोटच्या पोरांच्या बाबतींत तेवढीही दक्षता आपण दाखवूं नये काय?