पाण्याकाठी, भाग ७ : पाऊणकी आणि भरती

गेल्या आठवड्यात आपण धानोरा काळेच्या पुलाखाली गळ टाकून बसलो होतो. आमच्या ताडकळसकडे गोदावरीला गंगा म्हणतात, आणि गंगेचं पाणी एकाच वाटेनं जातं. पैठणकडून येतं, नांदेडकडे जातं. जायकवाडीतून पाणी सुटलं की चढतं, उन्हाळ्यात डोहापुरतं उरतं. मरळ कुठल्या गवतात दडते, वाम कुठल्या कपारीत शिरते, हे एकदा कळलं की वर्षानुवर्षं पुरतं. आजचा भाग नदी कळणाऱ्या पण खाडी न पाहिलेल्या माणसासाठी आहे. मी तसाच होतो.

पूर्णा जंक्शनवर संध्याकाळी देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसलो, त्या दिवशी संकष्टी होती. आई भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ बघून उपास सोडायला थांबली होती. मुंबईहून लाँचनं मांडवा, तिथून एसटीनं रेवदंडा. षष्ठीच्या सकाळी कुंडलिका समुद्राला मिळते तिथे, कोर्लईच्या किल्ल्याखालच्या कातळावर मी एकटा उभा होतो. हातात तंगूस, शिसं आणि गळाला लावायला पिशवीभर कोळंबी.

कुठे टाकायचं हे मला दिसत होतं. केव्हा टाकायचं हे मात्र आदल्या संध्याकाळी रेवदंड्याच्या एका म्हाताऱ्या कोळीबाबांनी सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "उद्या तिथी काय?" मी म्हटलं, षष्ठी. ते लगेच म्हणाले, "सहा पाऊण साडेचार. साडेचारला भरती पुरी."

ही पाऊणकी. पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे आमच्या आजोबांनी शाळेत घोकले होते. मी ते कधी म्हटले नाहीत, याची त्या क्षणी खरोखर खंत वाटली. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा इथल्या किनाऱ्याचा हिशेब आहे. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. त्यात सहा तास मिळवले वा वजा केले की पुरी ओहोटी. म्हणजे षष्ठीला सकाळी साडेदहाला पाणी तळाशी.

हे जमतं कसं? भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीनं येते. अमावास्या ते अमावास्या 30 तिथी, आणि तेवढ्यात चंद्र सूर्याच्या मानानं एक पूर्ण फेरी मारतो. 24 तासांचे 30 भाग केले तर एका तिथीला 48 मिनिटं येतात. साधारण तेवढ्यानं चंद्रोदय रोज पुढे सरकतो, आणि भरतीही. पाऊण तास म्हणजे 45 मिनिटं. तिथीमागे 3 मिनिटं कमी. म्हणूनच पंधराव्या तिथीला पाऊणकी सव्वाअकरा सांगते आणि पाणी बाराच्या सुमाराला भरतं. कोळीबाबांना हा फरक ठाऊक होता. "पुनवेकडं थोडं पुढं धरायचं," ते म्हणाले. आई ज्या चंद्रासाठी थांबली होती, त्याचंच हे वेळापत्रक आहे, आणि ते ताडकळसच्या घरातही भिंतीवर टांगलेलं असतं. आम्ही त्यात फक्त उपास बघतो.

सकाळी साडेसहाला पाणी जोरात बाहेर चाललं होतं. अशा वेळी तिवरांच्या मुळांत शिरलेली कोळंबी आणि बारकी मासळी पाण्याबरोबर खाली ओढली जाते, आणि मोठा मासा खडकाच्या आडोशाला, वाहत्या पाण्याच्या कडेला तोंड करून उभा राहतो. त्याला पोहत हिंडायची गरज नसते. शिसं त्या कडेवर सोडलं. आठच्या आत एक तांबोशी आणि दोन शिंगाळे लागले. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन काटे असतात, आणि त्यांत विष असतं. गंगेतला शिंगाडा हाताळलेला असल्यामुळे काट्यांच्या मागून धरायची सवय होती. काटा लागलाच, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा. वेदना कमी होते.

दहानंतर ओढ मंदावली आणि साडेदहाच्या पुढेमागे पाणी थांबलं. अर्धा तास गळाला कोणी शिवलं नाही. वाहणं थांबलं की माशाचं ताट थांबतं.

एकट्यानं जाणाऱ्यानं आता नीट ऐकावं. पाणी वळल्यावर आपण समोर समुद्राकडे बघत बसतो, आणि भरती आपल्या पाठीमागच्या चरातून आधी शिरते. शिवाय ती सारखी चढत नाही. सहा तासांतलं निम्मं पाणी मधल्या दोन तासांत चढतं. पहिला तास हळू गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो. मीही झालो होतो. सामान आवरून वळलो, तेव्हा ओहोटीत पुढे सरकताना कोरडा ओलांडलेला चर मांडीपर्यंत भरला होता आणि तळाशी धारदार कालवं होती. चप्पल घालून, काठीनं चाचपत पार झालो. तरी पोटरी कापलीच. तेव्हापासून पाणी थांबलं की मी कातळ सोडतो, गळाला कितीही मोठा मासा येईलसं वाटलं तरी.

दुपारी किनाऱ्यावर बसून भरती बघितली. नदी उलटी वाहत होती, आणि होड्या त्या ओढीवर खाडीत आत शिरत होत्या. साडेचार वाजून गेले, मग पाणी पुन्हा थबकलं. आईला फोन लावला आणि विचारलं, उद्याची तिथी काय? ती म्हणाली, "सप्तमी. का रे?"

सात पाऊण सव्वापाच.