जबड्याखाली पाणी येते कोठून?



पावसाळा सरत आला, की आपल्या येवल्याकडे एखाद्या शेळीच्या नाहीतर मेंढीच्या जबड्याखाली पाण्याची थैली लोंबू लागते. संध्याकाळी चरून आल्यावर ती मोठी दिसते, सकाळी ओसरते. बोटाने दाबली तर खळगा पडतो. कोणी डागणी देतो, कोणी दाभणाने टोचतो. दोन्ही करू नका. दुखणे जबड्यात नाही, पोटात आहे.

पालखेडच्या कालव्याचे पाणी वाहता वाहता कडेने पाझरते ना? अंगातही तसेच आहे. केसाहूनही बारीक अशा रक्ताच्या नळ्यांना केशवाहिन्या म्हणतात. त्यांच्या भिंती फार पातळ असतात. रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो, तर रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन पाणी आत धरून ठेवते. इंग्रज शास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १८९६ साली ही ओढाताण उलगडून दाखवली. तरीही जे पाणी पाझरते, ते लसिकावाहिन्या शेतातल्या चरासारखे गोळा करून पुन्हा रक्तात सोडतात.

आता शेळीच्या चौथ्या पोटात रक्त पिणारे जंत झाले असे समजा. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो. हजार जंत म्हणजे रोज ५० मिलिलिटर! रक्ताबरोबर अल्ब्युमिनही जाते. पाणथळ जागेतल्या गोगलगायींमार्फत येणारा चपटा कृमी तर अल्ब्युमिन तयार करणारे यकृतच पोखरतो. मग पाणी धरायला कोणी उरत नाही. पाझर वाढतो, चर अपुरे पडतात. मान खाली घालून चरणाऱ्या जनावराचे पाणी जबड्याखाली साचते.

म्हणून शेळीच्या डोळ्याची खालची पापणी उलटून पाहा. लाल असावी, पांढरी पडली असेल तर रक्त आटले आहे. लेंड्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या आणि वजनाच्या मानाने औषध पाजा. कमी मात्रेने जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. कालव्याकाठच्या दलदलीत चारू नका. झीज भरून यायला थोडी शेंगदाण्याची पेंड द्या.

एक मात्र ध्यानात ठेवा. सूज गरम व दुखरी असेल, अंगात ताप असेल, श्वास घरघरत असेल, तर तो घटसर्प असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांना बोलवा.

घरातल्या माणसाचे पाय सुजले, तरी नुसता लेप लावून थांबू नका. हृदय, मूत्रपिंड, यकृत यांपैकी काय बिघडले आहे, ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. सूज ही खूण आहे. पाझर कोठे वाढला ते शोधायला हवे.