परवाना-परीक्षा आणि रुग्णाची भाषा

परदेशी वैद्यकीय पदवी घेतलेल्या भारतीयास स्वदेशात स्वतंत्रपणे, म्हणजे वरिष्ठांच्या देखरेखीविना, रुग्णोपचार करावयाचे असल्यास सामान्यतः प्रथम चाळणी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. २००२ पासून घेतल्या जाणाऱ्या या परीक्षेत ३०० बहुपर्यायी प्रश्न असतात. भाषा इंग्रजी, उत्तीर्णतेस १५० गुण. परीक्षार्थी साहजिकच या प्रश्नांचीच तयारी करतो. रुग्ण मात्र आपले दुखणे स्वभाषेत सांगतो.

मराठीतील 'अंगावर' हे एकच पद पाहावे. 'बाळ अंगावर पिते' म्हणजे ते आईचे दूध पिते. 'अंगावर जाते' म्हणजे योनिमार्गे स्राव होतो. 'दुखणे अंगावर काढले' म्हणजे उपचाराविना सोसले. अर्थ ठरतो तो क्रियापदाच्या संयोगाने. शब्दशः भाषांतर केल्यास निदानाची वाट चुकते. दुसऱ्या प्रयोगात तर स्राव पांढरा की तांबडा, हेही विचारून घ्यावे लागते.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविकांचे शिक्षण दिले. त्यांपैकी अनेक निरक्षर होत्या. त्यांच्यापाशी डॉक्टरचा परवाना नव्हता, पण रुग्णाची भाषा त्यांची स्वतःचीच होती. परवानाधारकाची स्थिती याच्या नेमकी उलट असू शकते. आणि देखरेख संपल्यावर त्याची चूक सुधारणारा वरिष्ठ शेजारी नसतो. म्हणून अशा प्रयोगांचा संदर्भासह कोश सिद्ध करणे, हे आपल्यासारख्या भाषाविभागांचे कर्तव्य होय.