परक्यास दिलेले खाते

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईतील साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जणांचे प्राण गेले. त्यासाठीचे आरडीएक्स रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरले. सोन्याचांदीच्या तस्करांनी रुळवलेली वाट दहशतवादाला आयती मिळाली.

आज ती वाट मोबाइलमधूनही जाते. कमिशन देऊन मिळवलेल्या परक्या बँक खात्यांतून फसवणुकीचा पैसा फिरवला जातो. पुढे तो कोणाच्या हाती पडतो, हे खातेदारास कळत नाही. असा प्रस्ताव येडशीच्या दुकानदारासही येऊ शकतो.

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘तदाहृतादान’, म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे, हाही दोष सांगितला आहे. ‘चोरी मी केली नाही’ एवढ्याने श्रावक सुटत नाही. म्हणून पेढीचे खाते, सिमकार्ड, ओटीपी परक्यास देऊ नये. फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर कळवावे.