वाहन-स्वच्छता व्यवसायातील दरनिश्चिती : चाकूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ वर चाकूर हे तालुक्याचे गाव वसले आहे. अशा महामार्गालगतच्या गावांत चहाची टपरी, पंक्चरचे दुकान आणि गॅरेज यांच्या जोडीला वॉशिंग सेंटर हा व्यवसाय आता रुळला आहे. प्रारंभी केवळ ट्रॅक्टर व जीप धुण्यापुरते असलेले हे काम मोटारगाड्यांची संख्या वाढल्यानंतर पॉलिश, रबिंग, आसनांची धुलाई, सिरॅमिक कोटिंग अशा सेवांपर्यंत विस्तारले. या सर्व सेवांना एकत्रितपणे 'डिटेलिंग' असे संबोधले जाते. वाहनाच्या रंगाची व अंतर्भागाची तपशीलवार निगा राखणे असा त्याचा अर्थ होय.

या व्यवसायास लागणारे भांडवल तुलनेने कमी असल्याने शिकलेले अनेक तरुण त्याकडे वळतात. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेतील 'किशोर' गटात पाच लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते आणि प्रेशर पंप, कंप्रेसर, व्हॅक्यूम यंत्र व रॅम्प एवढी सामग्री त्यात बसते. आपल्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडणारा विद्यार्थी हाच या कर्जाचा संभाव्य कर्जदार आहे. वाणिज्य शाखेत परिव्यय लेखांकन शिकलेला पदवीधरदेखील स्वतःच्या सेंटरचा दर ठरविताना मात्र शेजारच्या सेंटरचा फलक पाहतो आणि त्याहून दहा-वीस रुपये कमी लिहितो. प्रस्तुत लेखात या पद्धतीतील दोष दाखवून दराचा हिशेब कोठून सुरू करावा, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

दर कशाचा?

गाडी धुण्याचा दर म्हणजे शांपू आणि पाणी यांचा दर, असा ग्राहकाचा समज असतो आणि पुष्कळदा व्यावसायिकाचाही. वस्तुतः येथे विकला जातो तो वेळ. रॅम्पवर एका वेळी एकच गाडी उभी राहू शकते. सकाळचा जो तास रिकामा गेला तो दुपारी विकता येत नाही. किराणा दुकानातील न विकलेली साखर दुसऱ्या दिवशी विकता येते, परंतु न विकलेला तास कायमचा नाहीसा होतो. एस.टी.च्या रिकाम्या आसनाप्रमाणेच हे आहे. म्हणून या व्यवसायात परिव्ययाचे एकक 'गाडी' नसून 'भरलेला तास' हे मानले पाहिजे.

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येकाने स्वतःचे आकडे घालून पाहावेत. जागेचे भाडे ८,००० रुपये, वीज ५,०००, दोन कामगारांचे वेतन २४,००० आणि किरकोळ दुरुस्ती ४,००० असा महिन्याचा खर्च ४१,००० रुपये होतो. महिन्याचे २६ दिवस आणि दररोज सरासरी पाच तास रॅम्प भरलेला धरल्यास १३० तास मिळतात. म्हणजे तासाला सुमारे ३१५ रुपये. साध्या धुलाईस ४० मिनिटे लागली तर २१० रुपये, अधिक शांपू आदी साहित्याचे २० रुपये, मिळून २३० रुपये. फलकावरील दर ३०० रुपये असेल तर गाडीमागे ७० रुपये सुटतात, असा मालकाचा हिशेब असतो.

या हिशेबात तीन गोष्टी नाहीत. चार लाखांचे कर्ज १२ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले असल्यास त्याचा सुमारे ९,००० रुपयांचा मासिक हप्ता नाही. मालक स्वतः दिवसभर पंप हातात घेऊन उभा असतो, त्याच्या श्रमाचे, धरू या, १५,००० रुपये नाहीत. आणि बोअरचे पाणी फुकट धरले आहे. (काटेकोर लेखापाल हप्त्यातील मुद्दल हा खर्च मानणार नाही, हे खरे. परंतु पंप व कंप्रेसर झिजतात, त्यांचा घसारा कोठेच धरलेला नाही. तेव्हा व्यवहारापुरता हप्ता धरणे योग्य ठरते.) हे मिळविल्यास महिन्याचा खर्च ६५,००० व तासाचा परिव्यय ५०० रुपये होतो. उन्हाळ्यात ५,००० लिटरचा टँकर १,००० रुपयांस घ्यावा लागला आणि एका गाडीस २०० लिटर पाणी लागले तर पाण्याचे ४० रुपये. म्हणजे ४० मिनिटांचे ३३३, साहित्याचे २० व पाण्याचे ४०, एकूण ३९३ रुपये. ज्या गाडीवर ७० रुपये सुटले असे वाटत होते, त्याच गाडीवर प्रत्यक्षात ९३ रुपये स्वतःच्या श्रमातून आणि यंत्राच्या झिजेतून दिले जात आहेत. रोजची रोकड हातात येत असल्याने हा तोटा दिसत नाही. पंप बदलण्याची वेळ आली म्हणजे तो दिसतो.

मग फलकावर ३९३ लिहावेत काय? येथे घाई करू नये. ३०० रुपयांचा दर मुळातच चुकीचा आहे असे नाही. तो पाच तासांच्या कामाला पुरत नाही, एवढेच. याच दरात सर्व खर्च भागवायचा तर रोज सुमारे सात तास रॅम्प भरलेला हवा, म्हणजे साडेसात गाड्यांऐवजी साधारण साडेदहा गाड्या. शेजारच्याचा फलक पाहून दर उतरविणारा व्यावसायिक त्याचा दर पाहतो, त्याचे तास पाहत नाही. शेजाऱ्याची जागा वडिलोपार्जित असेल, त्याच्यावर कर्ज नसेल, त्याच्याकडे एखाद्या संस्थेच्या गाड्यांचे बांधलेले काम असेल. त्याचा दर त्याच्या परिस्थितीचा दर आहे. त्यातच दोघांच्या मध्ये तिसरे सेंटर उघडले की तिघांचेही भरलेले तास घटतात, तिघेही दर उतरवितात आणि प्रत्येकाचा तासाचा परिव्यय मात्र वाढलेला असतो.

वाहनाच्या आकारमानानुसार वेगळा दर असणे याच तत्त्वाने समर्थनीय ठरते. मोठी गाडी धुण्यास अधिक वेळ लागतो म्हणून दर अधिक. मालक सधन दिसतो म्हणून नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या शेतरस्त्याने आलेल्या गाडीच्या चाकांवरील कमानींत काळी माती घट्ट बसलेली असते. ती काढण्यातच वीस मिनिटे जातात. हा अधिक आकार गाडी रॅम्पवर चढविण्यापूर्वी सांगितला पाहिजे. नंतर सांगितला तर तो योग्य असूनही भांडण होते.

पाण्याचे मोल

लातूर जिल्ह्यात पाण्याचा खर्च शून्य धरणारा कोणताही हिशेब अपुरा आहे. २०१६ च्या मार्चमध्ये लातूर शहरात पाणवठ्यांच्या परिसरात जमावबंदीचे आदेश लागू करावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वे दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. वरील प्रमाणाने पाहिले तर ते पाणी २,५०० गाड्या धुण्याइतके होते. ही तुलना केवळ नैतिक भावनेपोटी केलेली नाही. टंचाई वाढल्यावर प्रशासन सर्वप्रथम अशाच वापरावर निर्बंध आणते. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठेवला होता. म्हणजे येथे पाणी हा खर्च तर आहेच, शिवाय व्यवसाय बंद पडण्याची जोखीमही आहे.

दरात पाणी न धरल्याचा आणखी एक परिणाम होतो. ज्या गोष्टीची किंमत हिशेबात नाही, ती वाचविण्यासाठी कोणी खर्च करीत नाही. गाळ व तेल वेगळे करणारी टाकी बांधून पाणी पुन्हा वापरणे, फोम वापरून फवाऱ्याची मिनिटे कमी करणे, वाफेच्या यंत्राने अंतर्भाग स्वच्छ करणे हे उपाय उपलब्ध आहेत. पण पाणी फुकट धरलेल्या वहीत या यंत्रांची किंमत कधीच वसूल होताना दिसत नाही. शिवाय बेसाल्टच्या खडकातील बोअरचे पाणी बहुधा जड असते. उन्हात ते रंगावर वाळले की पांढरे डाग उरतात आणि ते काढण्यासाठी पुन्हा पॉलिशचे काम निघते. शेवटचा फवारा मृदू पाण्याचा देणे आणि गाडी सावलीत पुसून घेणे ही चैन नाही, परंतु तिचा खर्च दरात यावयास हवा.

खंडेनवमीचा दर

नवरात्रात खंडेनवमीला शस्त्रे व अवजारे यांच्यासमवेत वाहनांचीही पूजा होते. त्या व आदल्या दिवशी सेंटरसमोर रांग लागते. मागणी वाढली की किंमत वाढावी हा पाठ्यपुस्तकातील नियम येथे लावून दर दुप्पट करावा काय?

डॅनियल काहनेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना एक प्रसंग विचारला होता. हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी दुकानदाराने बर्फ उपसण्याच्या फावड्याची किंमत १५ डॉलरवरून २० डॉलर केली, हे योग्य की अयोग्य? ८२ टक्के लोकांनी ते अयोग्य ठरविले. याउलट दुकानदाराचा स्वतःचा खर्च वाढला म्हणून त्याने किंमत वाढविली, तर लोक ते सामान्यतः मान्य करतात, असे त्याच अभ्यासातून दिसून आले. चाकूरसारख्या गावात, जेथे ग्राहक हा ओळखीचा, नात्यातला किंवा जुन्या वर्गातला असतो, तेथे हा भेद अधिकच तीव्र असणार. सणाला वाढविलेला दर वर्षभर लक्षात राहतो. टँकरचा आकार मात्र फलकावर 'मार्च ते जून : टँकरच्या पाण्याचे ४० रुपये वेगळे' असा स्वतंत्र लिहिला आणि बोअरला पाणी येताच पुसून टाकला, तर त्याबद्दल फारशी कुरकुर होऊ नये. आकार पुसून टाकणे लिहिण्याइतकेच महत्त्वाचे आहे. खंडेनवमीला दर न वाढविता आगाऊ वेळ देऊन नोंद घेणे आणि त्या दोन दिवसांत लांबलचक पॉलिशचे काम न स्वीकारणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग वाटतो.

न दिसणारे काम

धुलाईचा दर्जा ग्राहकाला डोळ्यांनी दिसतो. पॉलिश व कोटिंगचे तसे नाही. मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी १९७३ साली अशा सेवांचा वेगळा वर्ग मांडला, ज्यांचा दर्जा ग्राहकाला सेवा घेतल्यानंतरही सहजी पारखता येत नाही. गाडीच्या रंगाचा सर्वांत वरचा पारदर्शक थर साधारणतः ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. यंत्राने रबिंग करताना ओरखडे 'भरले' जात नाहीत. त्यांच्या भोवतीचा थर काही मायक्रॉनने घासून खाली आणला जातो. वरचेवर रबिंग केलेली गाडी प्रत्येक वेळी चकाकते आणि प्रत्येक वेळी थोडी नागवी होते. कोटिंगच्या जाहिरातीतील '९ एच' हा आकडा पेन्सिलीच्या टोकाने घेतल्या जाणाऱ्या कठीणतेच्या चाचणीतील आहे. खनिजांच्या कठीणतेच्या मोजपट्टीशी त्याचा संबंध नाही. हे ग्राहकाला ठाऊक असण्याचे कारण नाही.

अशा कामाचा दर साहित्याच्या बाटलीवरून ठरविला तर स्वस्त बाटली वापरणाराच बाजारात टिकेल. सहा तासांच्या पॉलिशचा परिव्यय वरील हिशेबाने ३,००० रुपये अधिक साहित्य असा येतो. हे काम कोणी १,५०० रुपयांत करीत असेल तर तो तास तरी कमी देतो किंवा थर तरी अधिक घासतो. थराची जाडी मोजण्याचे उपकरण घेऊन कामापूर्वीची व नंतरची नोंद ग्राहकाच्या हाती देणे आणि त्या तपासणीचा वेगळा, अल्प का होईना, आकार लावणे इष्ट आहे. तपासणीअंती 'या गाडीला रबिंग नको' असे सांगणाऱ्यालाही त्यामुळे त्याच्या वेळेचा मोबदला मिळतो. अन्यथा खरे सांगणाऱ्याचाच तोटा होतो.

कराविषयी थोडक्यात. सेवाव्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः आवश्यक नसते. आपल्या उदाहरणातील सेंटर त्या मर्यादेच्या बरेच आत आहे.

महिन्याची बोली

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे विस्तृत वर्णन आहे. त्या व्यवस्थेतील विषमतेचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण सेवेचा मोबदला प्रत्येक कामामागे न घेता ठरावीक काळासाठी बांधून घेणे ही कल्पना आपल्याकडे अपरिचित नाही, हे लक्षात यावे. पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत महिन्याच्या बोलीवर गाडी पुसून देणारे आहेतच. चाकूरमध्येही प्राध्यापक, डॉक्टर, बँक कर्मचारी असे नियमित उत्पन्नाचे वाहनधारक आहेत.

दहा ग्राहकांनी महिन्याला चार धुलाया बांधून घेतल्या तर ४० धुलायांचे सुमारे २७ तास भरतात. भरलेले तास १३० वरून १५७ होतात, तासाचा परिव्यय ५०० वरून सुमारे ४१५ रुपयांवर येतो आणि टँकरच्या पाण्यासह एका धुलाईचा परिव्यय ३९३ ऐवजी ३३७ रुपयांच्या आसपास राहतो. अशा ग्राहकाला चार धुलायांचे १,३५० रुपये सांगता येतात. अट एवढीच की या गाड्या रविवारी नव्हे, तर आठवड्यातील रिकाम्या सकाळी याव्यात; गर्दीच्या वेळी आल्या तर नवे तास भरत नाहीत, असलेलेच स्वस्त होतात. पैसे महिन्याच्या एक तारखेस आगाऊ घेतल्यास उधारीचा प्रश्नही सुटतो. नात्यातल्या माणसाकडे तीनशे रुपये मागणे अवघड जाते, परंतु सर्वांसाठी सारखी असलेली मासिक बोली सांगणे तितके अवघड जात नाही. बोअर आटल्यास त्या महिन्यात दोन ओल्या धुलाया व दोन वेळा केवळ व्हॅक्यूम आणि ओल्या फडक्याने पुसणे, हा बदल बोली करतानाच पावतीवर लिहून द्यावा.